उपरण्याखालचा हात

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा नागपुरात! नंदनवन वस्तीतला हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट फोटोत दिसला होता त्याहून मोठा निघाला. असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडलं. सामान चढवायला मजूर शोधावे म्हटलं, तर अख्खी सोसायटीच धावून आली. समोरच्या दारातला मुकुंद चांगला कोर्टात जाणारा वकील, पण त्याने माझी गादी डोक्यावर घेतली. तळमजल्यावरच्या सिंधूताईंनी चहा पाठवला. त्या निवृत्त नर्स आहेत, एकट्याच राहतात. कोणीतरी तर्री-पोहे आणले. मिसळीवर वाढलेला नाशिककर मी, तरी घाम फुटला.

अध्यक्ष गणपतराव संध्याकाळी स्वतः भेटायला आले. कळमन्याच्या बाजारात त्यांची धान्याची अडत होती. पूर्वी म्हणे भाव तोंडाने सांगत नसत. उपरण्याखाली हातात हात घालायचा, बोटं दाबायची, सौदा ठरायचा, आणि बघणाऱ्यांना काही पत्ता लागायचा नाही. तीच रीत त्यांनी सोसायटीत आणली आहे. कोणाचं काही वाजलं की गणपतराव खांद्यावरचं उपरणं पसरतात आणि त्या माणसाने खाली हात द्यायचा. हात बाहेर येतो तेव्हा वाद मिटलेला असतो. 'भांडणं काहून करा गा? हात द्या, मोकळे व्हा,' असं त्यांचं म्हणणं.

मला तर हे फारच आवडलं. नाशिकला पार्किंगवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जाताना पाहिली आहेत, आणि भांडण दिसलं की आपण रस्ता बदलतो. फोनवर मिनलला सांगितलं तर म्हणाली, त्यापेक्षा भांडण बरं. बायको माझी दुधाच्या पिशवीशीही भांडेल. कॉलेजच्या परीक्षा आटोपून ती बावीसला येईल.

९ नोव्हेंबर

सकाळी गच्चीवर मीटिंग. ठराव असा की कोणाकडे पाहुणा आला तर त्याने आधी गणपतरावांना भेटायचं, मगच घरात जायचं. मुकुंद भडकला. हे घर आहे की तुरुंग, असं म्हणाला, कायद्याची कलमं सांगितली, चांगला वीसेक मिनिटं बोलला. बाकीचे शांतपणे ऐकत होते. गणपतरावांनी उपरणं पसरलं. मुकुंद हसला आणि त्याने हात घातला.

हात बाहेर काढून तो म्हणाला की हा ठराव मीच मांडतो. दाढदुखी थांबलेल्या माणसासारखा दिसत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याकडे काहीतरी हातोटी आहे बुवा! टाळ्या मीही वाजवल्या.

१६ नोव्हेंबर

सिंधूताईंची भाची भंडाऱ्याहून आली ती थेट त्यांच्या घरात गेली. म्हणून आज गच्चीवरच्या मीटिंगमध्ये सिंधूताईंना हात द्यायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. 'माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. तवापासून आमच्या घरी कोणी कोणाच्या हुकमात नाही. मी नाही देत हात,' एवढं म्हणून त्या जिना उतरून गेल्या. मग ठरलं की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही आणि त्यांच्या मदतीला जायचं नाही.

मी उठलो. खरंच उठलो. मंगळवारी मला ताप होता तेव्हा याच बाईने पेज करून पाजली होती, तसं मी सगळ्यांना सांगितलं. सगळे माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघत होते की मलाच संकोच वाटला. गणपतरावांनी उपरणं पसरलं.

हात थंड होता, कोरडा होता. त्याने माझं एकेक बोट ताब्यात घेतलं, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. मग डोक्यातला सगळा गलका थांबला. आता आपल्याला काही ठरवायचं नाही, कधीच ठरवायचं नाही, असं वाटलं आणि सुखाने डोळे भरून आले. मी म्हणालो की ठरलंय ते बरोबर आहे. आणि मला ते पटलेलं होतं, हे लिहिताना अंगावर काटा येतोय.

१९ नोव्हेंबर

सकाळी सिंधूताई फाटकाशी पडल्या. भाजीची पिशवी उपडी झाली. मी चार पावलांवर स्कूटर पुसत होतो, मुकुंद पेपर वाचत होता. त्यांनी मला नावाने हाक मारली. आता आपल्याला वाईट वाटेल, मग आपण धावू, असं म्हणून मी वाट बघत राहिलो. वाईट वाटलंच नाही. शेवटी रस्त्यावरच्या एका ऑटोवाल्याने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं.

मी ऑफिसला गेलो. दुपारी डबा उघडला आणि रडू कोसळलं. मुकुंदला फोन लावला, हे चूक आहे म्हणायला. तोंडातून निघालं, 'बरं झालं.'

वहीत मात्र खरं लिहिता येतं. त्या हाताचा ताबा अजून इथवर पोचलेला नाही.

२० नोव्हेंबर

गणपतरावांच्या घरी गेलो. काही विचारता आलं नाही, नुसता उपरण्याकडे बोट दाखवून उभा राहिलो. त्यांना कळलं. त्यांनी आपले दोन्ही हात माझ्या हातात दिले. गरम, घामेजलेले.

तो हात यांचा नव्हता.

अडतीवर एकदा समोर कोणी नसताना उपरण्याखाली तो हात आला, असं ते म्हणाले. कोणाचा, हे पहिल्या दिवशी विचारायची हिंमत झाली नाही, नंतर सवय झाली. तेही रोज सकाळी त्यात हात देतात, मग काय करायचं ते कळतं. 'मले काहून विचारून राहिला गा? मले तरी कुठं कोण सांगते?' असं म्हणून ते लहान पोरासारखे रडायला लागले.

या माणसाला आम्ही घाबरतो. आणि हा —

मिनलला येऊ द्यायचं नाही. फोन केला. 'लवकर ये' असं बोललो.

२२ नोव्हेंबर

मिनल आली. सिंधूताईंचं कळल्यावर बॅगही न उघडता दवाखान्यात गेली. आल्यावर गच्चीवर उभी राहून सगळ्यांना झाडलं. मला काय अभिमान वाटला! आणि काय भीती.

हिचा हात तिथे गेला तर ही मिनल राहणार नाही. हिच्या 'नाही'वर मी प्रेम केलंय.

पळून जाऊ म्हणायचं होतं — म्हणालो, माणसं चांगली आहेत गं. तिने माझ्याकडे असं बघितलं —

२३ नोव्हेंबर, सकाळ

मुकुंद येऊन गेला. उपरणं ठेवून गेला. वहिनी गणपतरावांना हात देणार नाहीत. घरच्या माणसाने मागितला तर देतील. एवढंच बोलला. हसतमुख.

फेकून द्यायचं होतं. घडी करून मांडीवर घेतलं.

मिनलला आंघोळीहून यायला —

आली. समोर बसली. घाबरलायस का, विचारते. उपरण्याखाली काहीतरी उठलंय. तिला वाटतंय मी —

नाही म्हणायला तोंड उघडलं. म्हणालो, माझाच हात आहे. दे.

म्हणते, तुझा असेल तर देईन की, वेड्या.

मिनल लिहिणारा हात माझा आहे उपरण्याखालचा नाही वही तुझ्याकडे फिरवतोय हे वाच माझ्या तोंडाकडे बघू नकोस मिनल इकडे वहीत ब