खतखड्ड्याचं माप

उंद्री,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. शेखर यास,
अनेक आशीर्वाद. सौ. छायाला आशीर्वाद, समताला गोड पापा. थंडी ओसरली, चिंचा पिकल्या, गुडघा बरा आहे. "बाबा, एवढ्या लांब गावी एकटे राहू नका, कायमचे पुण्याला या," असं तू फोनवर म्हणालास आणि मी "बघू" म्हणालो. त्याचंच उत्तर लिहायला बसलोय, पण आधी आनंदाची बातमी!

गावाबाहेरच्या विद्यापीठात कचऱ्याचं गणित मांडलं जातंय आणि त्यात मी आहे! प्रतीक्षा नावाची एम.एस्सी.ची पोरगी हॉस्टेलच्या मेसमधलं उष्टं रोज तोलते. दोडका असला की बादली भरते, भरीत असलं की रिकामी. त्यावरून वर्षभरात किती ओला कचरा निघेल ते तिचा संगणक सांगतो. त्या मापानं खतखड्डा खणायचा. कचऱ्यालाही वृत्त असतं बघ, मात्रा मोजता आल्या पाहिजेत!

पण आकडे फारच कमी येऊ लागले. शोध घेतला तर चोर मीच! पोरांच्या पंगतीत बसून मी शाळेतली, दाण्यादाण्यामागच्या घामाची, कणसाची कविता चालीवर म्हणायचो, आणि पोरं लाजून ताटं निपटून काढायची.

प्रतीक्षा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, मले उष्टं मोजायचं हाय, अन् तुम्ही ताटं चाटायले लावून राह्यले! आठ दिवस मेसमंधी दिसू नका."

तू विचारशील, बाबा मेसमध्ये कशाला? अन्नपूर्णाबाईंचा डबा मी दिवाळीतच बंद केला. चव चांगली होती रे. पण तुझी आई गेल्यापासून घरात डबा उघडल्याचा आवाज फार मोठा येतो.

ते आठ दिवस घरीच पोळी गिळली. एक कविता धड आठवली नाही.

काल प्रतीक्षानं मेसमध्ये बोलावलं. मी नसताना बादली दुप्पट भरली होती! "मग खड्डा मोठा खणणार?" मी विचारलं.

"काऊन? मॉडेलमंधी तुमचा रकाना टाकला ना म्या. खड्डा लहानच खणला. आता तुम्ही गेले तं उष्टं कुठी टाकू?"

मागून कोणी ओरडलं, "आबा, आज दोडका हाय! लंबी कविता लागंन!"

शेखर, रागावू नकोस. उन्हाळ्यात मेस बंद असते, तेव्हा येईन. कायमचं नाही जमायचं.

ज्याच्यावाचून इथला हिशोब चुकतो, तो
तुझा,
बाबा