पहिल्या महिन्याचं पाणी

४ जानेवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद. तू ते घ्यायच्या लायकीची आहेस की नाही हे पत्र संपता संपता ठरवीन.

काल सकाळी पाणी खात्याचे दोन इसम मीटर बसवायला आले. आल्या आल्या त्यांनी मुख्य नळ बंद केला आणि मग घंटी वाजवली. मी तेव्हा डोक्याला साबण लावून बसले होते. तशीच फेसासकट दारात गेले आणि त्यांना जे ऐकवलं, ते आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांच्या कानावर गेलं असतं तर या वयातही मला बाकावर उभं केलं असतं.

खाली आले तर फलकावर नोटीस. आपली इमारत म्हणे ‘प्रयोगासाठी’ निवडली आहे. आणि खाली सही कुणाची? माझ्या सख्ख्या भाचीची! ज्या मुलीला मी टबात बसवून न्हाऊ घातलं, ती आता माझं पाणी मोजणार.

विमा कंपनीत सारी नोकरी मी लोकांचे दावे तपासण्यात घालवली. बारीक अक्षरातलं वाचल्याशिवाय मी कधी शाई वाया घालवली नाही. तुझी नोटीस मी चष्मा पुसून वाचली आहे. तिसऱ्या कलमाचा अर्थ नीट खुलासेवार कळव. फोन करू नकोस. फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ म्हणतेस आणि तिकडे जेवत असतेस.

लोभ आहे, पण आजपासून त्यालाही मीटर लावला आहे.

तुझी संतप्त
मावशी

९ जानेवारी

ती. मावशीस,

टिटवीचा वाकून नमस्कार. वि. वि.

त्या दोघांनी परत येऊन मला सांगितलं की यापुढे त्या इमारतीत पाठवायचं असेल तर आधी रजा मंजूर करा. मी त्यांना चहा पाजून शांत केलं आहे.

तिसरं कलम असं. पहिला महिना नुसती मोजणी. कुणी काही बदलायचं नाही, रोजच्यासारखं राहायचं. त्या महिन्यात ज्या घराला जेवढं पाणी लागेल, त्याचे पाचातले चार भाग हा पुढे त्या घराचा वाटा. त्याहून जास्त वापरलं तर जादा दर. मोजणी संपली की आम्ही नळांना धार बारीक करणाऱ्या जाळ्या आणि दोन बटणांचे फ्लश फुकट बसवून देऊ.

मावशी, हे सगळं तुला छळायला नाही गं. हे शहर दर वर्षी चारी बाजूंनी फुगतंय. आमच्या बडेसाहेबांना दूरच्या खोऱ्यातून नवी जलवाहिनी आणायची आहे. मी म्हणते, घराघरांत थोडं कमी लागलं तर आहे त्यात पुष्कळांचं भागेल. भरल्या सभेत ते म्हणाले की बचत हा बायकांचा स्वयंपाकघरातला उद्योग आहे. तरी हट्टाने मी हा कक्ष मागून घेतला. कक्ष म्हणजे मी, एक टंकलेखक आणि भिंतीला टेकवल्याशिवाय उभी न राहणारी खुर्ची. मुदत जूनपर्यंत. तुमच्या इमारतीत जमलं तर कक्ष राहील. नाही जमलं तर तो बंद आणि माझी बदली पार टोकाच्या पंपघरावर, जिथे पंपाशिवाय बोलायला कुणी नाही.

तेव्हा रागावून घे, पण साथ दे. लोभ कितीही मोजलास तरी मला पुरेल.

तुझीच
टिटवी

३० जानेवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद, या खेपेला विनाशर्त.

तू पंपघरावर जाऊन पंपाशी बोलणार ही कल्पना मला सहन झाली नाही. तुझ्या आईला बोलून दाखवू नकोस, पण मी तुझ्या बाजूने कंबर कसली आहे. गच्चीवर सभा बोलावली आणि तिसरं कलम सर्वांना असं समजावलं की तुझ्या खात्यात कुणाला जमलं नसतं. आमचे सेक्रेटरी आधी म्हणत होते की आपण सहीच करायची नाही. त्यांना मी खाली बसवलं. आता तुझ्या प्रयोगाला विरोध करणारा इथे औषधालाही सापडायचा नाही.

बाकी इमारतीत मोठा उत्साह आहे. सगळ्यांनी पडदे धुवायला काढले आहेत. दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य गालिचे धुतोय, पुन्हा धुतोय. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी पियानोचं आवरण इतकं धुतलं की ते आटून आता पियानोच्या गुडघ्यापर्यंतच येतं. मीही गोधड्या काढल्या. जिने तर असे चकाकतात की घसरायची भीती वाटते.

एकंदरीत, तू काळजी करू नकोस. मावशी आहे.

तुझी
मावशी

१४ फेब्रुवारी

ती. मावशीस,

नमस्कार. घाईत लिहितेय.

तुमच्या इमारतीचे आकडे आले आणि मी खुर्चीसकट भिंतीवर आपटले. शेजारच्या तशाच इमारतीत आम्ही नोटीस न लावता नुसतं खालचं मीटर वाचतो. तिच्या जवळजवळ दुप्पट पाणी तुम्हाला लागलं! नक्की कुठेतरी गळतंय. उद्या गळती शोधणारी माणसं पाठवतेय. ती नळ्यांना दांडा लावून रात्रभर कान देऊन ऐकतात. त्यांना ओरडू नकोस, ओरडलीस तर त्यांना तेवढंच ऐकू येईल.

आपली
टिटवी

२० एप्रिल

ती. मावशीस,

साष्टांग, लोटांगण, जे म्हणशील ते!

गळती काही सापडली नाही ती नाहीच, पण मावशी, त्यानंतर तुमच्या इमारतीने जी कमाल केली! जाळ्या बसवल्यापासून तुमचं पाणी जवळजवळ निम्म्यावर आलंय. साहेब आता जिथे तिथे सांगतात की बचतीची कल्पना मुळात त्यांचीच. येत्या चार तारखेला मुख्य कार्यालयात इमारतीचा सत्कार आहे, आणि रहिवाशांच्या वतीने दोन शब्द तू बोलायचे आहेस.

साहेबांनी तर याच आकड्यांवर पुढचा हिशेबही मांडला. एवढी बचत सगळीकडे होणारच, असं धरून नदीपलीकडच्या नव्या वसाहतीला जूनपासून ठरल्यापेक्षा कमीच पाणी सोडायचं. मला ते जरा घाईचं वाटतंय, पण आकडे आकडे आहेत.

तुझ्या मायेला मीटर नाही हे मला माहीत होतं.

टिटवी

२४ एप्रिल

चि. टिटवीस,

शाबास! म्हणजे मला. तुला नंतर.

आता सत्कार ठरलाच आहे तर सांगून टाकते. तू सरळ मुलगी, तुझ्या लक्षात यायचं नाही. पहिल्या महिन्यावर वाटा ठरणार, हे कलम वाचलं तेव्हाच मी ओळखलं की तो महिना जेवढा ओला तेवढे पुढचे सगळे महिने सुखाचे. गच्चीवर मी सर्वांना हेच सांगितलं. महिनाभर हात सैल सोडा. मग वाटाही मोठा मिळेल आणि पुढे रोजच्यासारखं वागलो तरी भाचीच्या कागदावर बचत दिसेल. आणि झालंही तसंच! शिवाय सगळं घरदार इतकं धुऊन ठेवलंय की उन्हाळाभर धुवायला काही उरलेलंच नाही. जाळ्या लावल्यावर नळातून नुसती कुजबुज येते, तरी कुणाची तक्रार नाही.

भाषण इंग्रजीत करू का? सिस्टरांनी शिकवलेले उच्चार अजून शाबूत आहेत.

तुझी कर्तबगार
मावशी

२७ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र मी आधी बसून वाचलं आणि मग उभी राहून.

आम्ही मोजली ती बचत नव्हतीच. आधी ओतलेलं आता ओतत नाही, एवढंच. या आकड्यांवर नदीपलीकडच्या माणसांचं पाणी तोडलं जाणार आहे. त्यांनी तर अजून एक पडदाही धुतलेला नाही. त्यांच्या नळाला जूनमध्ये काय येईल, सांग.

मी साहेबांना खरं सांगणार आहे. कक्ष जाईल. जाऊ दे, पंपघरावर हवा चांगली असते म्हणतात. तुझ्यावर रागावले आहे, हे मात्र खरं. सत्काराला येऊ नकोस.

टिटवी

६ मे

प्रिय धाकटे,

खुशाल असशील. तुझ्या लेकीने तुला रडून काही कळवण्याआधी माझी बाजू ऐक.

तिने मला सत्काराला येऊ नकोस असं लिहिलं. मी गेले. मला येऊ नकोस म्हणणारं माणूस आजवर तुझ्याशिवाय कुणी झालं नव्हतं, आणि तुझंही मी कधी ऐकलं नाही. दाराशीच टिटवी भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, सकाळीच साहेबांना सगळं सांगितलं, पण ते म्हणाले की आधी सत्कार उरकू या, पाहुणे आलेत, आकडे काही पळून जात नाहीत. म्हणजे काय ते मी ओळखलं. असल्या ‘नंतर बघू’च्या फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या नंतर कुणीच बघत नाही.

मला पुष्पगुच्छ दिला, ध्वनिक्षेपक दिला. मी पुष्पगुच्छ साहेबांच्याच हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. पडदे, गालिचे, गोधड्या, सगळं. पियानोवाल्या बाई मागून उठल्या आणि त्यांनी आवरणाची साक्ष दिली. सभागृहात असा हशा पिकला की पाहुण्यांचं पाणी सांडलं. साहेब लालबुंद. त्यांनी विचारलं की हे करताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही. मी म्हटलं, तुम्ही आम्हाला आधी कळवून मोजलंत, उद्या चोराला आधी वेळ कळवून पहारा ठेवाल. पण आमच्या शहाणपणापायी नदीपलीकडच्या एका जरी बाईचा हंडा रिकामा राहिला, तर मी रोज येऊन तुमच्या दारात बसेन, आणि मला भरपूर वेळ आहे.

टिटवीकडे बघायचं धाडस झालं नाही. तशीच परत आले. अजून तिचं पत्र नाही. तू विचारून बघ. मी विचारलं असं सांगू नकोस.

तुझी
ताई

२५ मे

ती. मावशीस,

नमस्कार, आणि एक घट्ट मिठी. ती पाकिटात मावली नाही तर मागाहून पाठवते.

आईने मला ‘ताईने विचारलेलं नाही’ असं खास कळवलं. सभागृहातल्या त्या हशानंतर साहेबांना काही दडवता येईना. नदीपलीकडच्या वसाहतीचं ठरलेलं पाणी कायम राहिलं. मग मी शेजारच्या इमारतीचे आकडे काढले. तिच्याशी तुलना केली तर तुमची खरी बचत दहातला एक भाग भरते. साहेब म्हणाले, एवढीशी? मी म्हटलं, एवढीशी, पण खरी. त्यांनी कक्षाला आणखी एक वर्ष दिलं. नवी खुर्चीसुद्धा दिली.

अट एकच. यापुढची कुठलीही नोटीस फलकावर लागण्यापूर्वी ‘त्या बाईंना’ दाखवायची. साहेबांचं म्हणणं, जे त्या बाईंना सुचेल ते आज ना उद्या सगळ्या शहराला सुचणार. सोबत नव्या नोटिशीचा मसुदा पाठवतेय. या वेळी वाटा पहिल्या महिन्यावर नाही, घरात माणसं किती त्यावर. कृपा करून ही फसवून दाखव.

तुझी, पंपघरावर न गेलेली
टिटवी

२९ मे

चि. टिटवीस,

आशीर्वाद, ओंजळभर नव्हे, घागरभर.

मसुदा मिळाला. चहा निवायच्या आत त्यात तीन भोकं सापडली. एक, परदेशी गेलेले सगळे मुलगे कागदावर घरी परत येतील. दोन, लोक धुणं बोचक्यात बांधून मीटर नसलेल्या नातेवाइकांकडे ‘सहज भेटायला’ जातील. तीन, तळमजल्यावरचा बागेचा नळ मीटरच्या अलीकडे आहे, त्याचं पाणी मोजलंच जात नाही, हे तुम्हा एवढ्या इंजिनियर मंडळींना दिसलंच नाही याची मला मनापासून लाज वाटते. तिन्हींचे उपाय मसुद्याच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहेत.

चौथी पळवाट इतकी सोपी आहे की ती कागदावर लिहून ठेवणं धोक्याचं. रविवारी जेवायला ये, प्रत्यक्ष करून दाखवते. बादली मात्र तुझी तू आण.

तुझी
मावशी