मंजूर वजन साठ किलो

६ नोव्हेंबर १९८३, रविवार

कबड्डीचा सीझन सुरू. यंदा ठराव केला आहे की समतादीप मंडळाच्या संघनिवडीत तोंड घालायचे नाही. मागच्या वर्षी घातले, म्हणून कोच गेणू मास्तर अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. यंदा आपण बरे, आपला फळा बरा. विहाराच्या भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक सामन्याआधी भाकीत लिहायचे, दोन्ही संघांना सारखा न्याय द्यायचा आणि शांत राहायचे.

संध्याकाळी ५. पहिल्या सामन्याची यादी लागली. वीस तारखेला इगतपुरीशी गाठ. सातांत आपला भरवशाचा चढाईवाला मल्हारी नाही. मल्हारी राखीव. त्याच्या जागी सहादू नावाचा, सायखेड्याहून गेल्या मे महिन्यात कॉलनीत राहायला आलेला, वाऱ्याने उडेल असा मुलगा.

या परिस्थितीत शांत राहणे हा गुन्हा ठरेल.

७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी फळ्यावर लिहिले: 'इगतपुरीची पकड घाटातल्या माणसांची. तिथे काडी पाठवली तर काडीच मोडणार. मल्हारीशिवाय चढाई म्हणजे बिनदाण्याचे पोहे. अंदाज: पंधरा गुणांनी पराभव. कळावे.'

दुपारपर्यंत खाली कोणीतरी खडूने लिहिले होते, 'रंगनाथभाऊ, तुम्ही कधी खेळलात?'

पुसले. दहा मिनिटांत पुन्हा आले.

खेळलो आहे. शाळेत, दोन वर्षे. गुडघा दुखावला नसता तर गोष्ट वेगळी होती. पण टीकेला उत्तर द्यायचे नाही असा माझा नियम आहे. (उत्तर लिहिले. लहान अक्षरात.)

८ नोव्हेंबर, मंगळवार

जनमत अजमावले. कटिंगच्या दुकानात सगळे मल्हारीच्या बाजूने. चहावाला म्हणाला, सहादू चपळ आहे. चहावाल्याला खेळातले काय कळते? नळावर लताबाईंनी विचारले की वेस्ट इंडीजची पुढची मॅच कधी आहे. जूनमध्ये वर्ल्ड कप जिंकल्यापासून या देशात कबड्डीला वाली उरलेला नाही. ऑफिसात तेच. आवकचे सगळे टपाल माझ्या टेबलावर आणि साहेबांचा कान ट्रान्झिस्टरला.

९ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात अर्ज तयार केला. विषय: संघात श्री. मल्हारी भिकन यांचा समावेश होणेबाबत. सह्या त्रेचाळीस. त्यातल्या काही जणांना वाटले की नळाचा अर्ज आहे, पण सही ती सही.

१० नोव्हेंबर, गुरुवार

मास्तरांना भेटलो. त्यांचे म्हणणे असे: स्पर्धा साठ किलो गटाची. सामन्याच्या सकाळी वजन होते, एक ग्रॅम जास्त भरला तरी खेळाडू बाहेर. मल्हारी काठावर आहे, त्याचा भरवसा नाही.

मी विचारले, साहेब, काठावर म्हणजे किती? लेखी आहे का? मास्तर म्हणाले, माझ्या डोळ्यांना दिसते. सरकारी कामात डोळे चालत नाहीत, असे मी नम्रपणे सांगितले.

तिथेच एक गोष्ट कळली. सातपूरच्या एका कंपनीचे साहेब वीस तारखेचा सामना बघायला येणार आहेत. कंपनीला स्वतःची टीम काढायची आहे. दोन पोरांना पर्मनंट घेणार.

हे ऐकल्यावर मी जरा खुर्चीत बसलो. मल्हारी बाविशीचा आहे. वडील गेल्यापासून मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलतो. त्याची आई भागीबाई चार घरची धुणी करते. मी मास्तरांना एवढेच म्हणालो की पोराचे आयुष्य आहे हे. मग त्यांनी सहादूचे नाव खोडून मल्हारीचे लिहिले. म्हणाले, "भाऊसाहेब, आता त्याला वजनात ठेवायची जबाबदारी तुमची."

जबाबदारी घेतली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून एक कागद गहाळ झालेला नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

भागीबाई संध्याकाळी घरी येऊन गेल्या. पोरगं पर्मनंट झालं म्हणजे मी सुटले, असे आमच्या सौ. यशोदाला म्हणाल्या. माझ्या पाया पडायला लागल्या. मी त्यांना थांबवले, पण जरा उशिराने.

१३ नोव्हेंबर, रविवार

मल्हारीला घेऊन नाशिकरोड स्टेशनवर गेलो. तिथल्या मशीनवर वजन केले. तिकीट आले: ५८ किलो. मागे छापलेले भविष्य: 'आपल्या हितचिंतकांचा सल्ला माना.' मल्हारीला दोनदा वाचून दाखवले.

मीही चढलो. एकसष्ट. दिवाळीआधी त्रेसष्ट होतो. यशोदा उगाच माझ्या पोटाच्या नावाने ओरडते.

परतताना बसमध्ये एकदम लक्षात आले. मंजूर वजन साठ. प्रत्यक्ष वापरात अठ्ठावन्न. म्हणजे दोन किलो शिल्लक! आमच्या खात्यात मंजूर रक्कम खर्च केली नाही तर मार्चएंडला परत जाते आणि वरून ठपका बसतो. इगतपुरीचे सातही जण एकोणसाठ-साठचे असणार. आपला माणूस दोन किलो कमी घेऊन का उतरेल? मास्तर जुन्या वळणाचे. त्यांना हे सुचणे शक्य नाही.

दोन किलो सात दिवसांत. रोजचे पावणेतीनशे ग्रॅम. कोष्टक आखले.

१४ नोव्हेंबर, सोमवार

मास्तरांनी मल्हारीला सांगितले आहे की वरण-भाकरी, तीही बेताने. मी विरोध केला नाही. वरण-भाकरी खाऊन झाल्यावर त्याला आमच्याकडे बोलावले. चार अंडी, सहा केळी, दूध.

मल्हारी म्हणाला, मास्तर नको म्हनत्यात. मी त्याला स्टेशनचे तिकीट दाखवले.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

यशोदाला शेंगदाण्याचे लाडू करायला सांगितले. तिने विचारले, त्या पोराला भूक आहे का, हे कुणी विचारलंय? स्त्रियांना नियोजन कळत नाही. मल्हारीने पाच खाल्ले. मोठ्या माणसाचा शब्द मोडत नाही, हा त्याचा गुण मला फार आवडतो.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

मटण. मल्हारी म्हणाला, प्रॅक्टिसला दम लागतोय. ताकद वाढताना सुरुवातीला असे होते, असे मी सांगितले. असे कुठे वाचल्याचे आठवत नाही, पण तर्काला धरून आहे.

फळ्याखाली नवा मजकूर: 'मल्हारीला बाळसं आलंय.' पुसले नाही. कौतुकच आहे.

मध्येच पुन्हा वजन करावे असे मनात आले होते. पण स्टेशनला जायचे म्हणजे अर्धी रजा, आणि रजा मी सोमवारच्या विजयी मिरवणुकीसाठी राखून ठेवली आहे.

१९ नोव्हेंबर, शनिवार

भाकीत लिहिले: 'अखेर न्याय झाला. उद्याचा संघ म्हणजे मंडळाच्या इतिहासातला सर्वांत वजनदार संघ. डाव्या कोपऱ्यात वाल्मीक, चढाईला मल्हारी. अंदाज: बारा गुणांनी विजय. सहादूने निराश न होता पाणी देण्याचे काम मन लावून करावे.'

संध्याकाळी मल्हारीला शेवटचे दोन लाडू. कोष्टक पूर्ण. एकही दिवस खाडा नाही.

२० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६

पांढरा शर्ट. सत्कारात दोन शब्द बोलावे लागले तर म्हणून टिपण खिशात.

त्याच दिवशी, दुपारी १

जे घडले ते क्रमाने नोंदवतो, म्हणजे चूक कुठे झाली ते स्पष्ट होईल.

वजनाची वेळ नऊ ते दहा. मैदानाच्या कोपऱ्यात मार्केटमधून आणलेला मोठा काटा. सव्वानऊला मल्हारी चढला. एकसष्ट किलो तीनशे.

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी काट्याकडे बघायला लागलो.

मास्तरांनी त्याला माझा स्वेटर घातला, वर घोंगडी गुंडाळली आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावले. कोणीतरी न्हाव्याला बोलावून त्याचे केस उतरवले. केसांवर त्याचा फार जीव होता. पावणेदहाला पुन्हा काट्यावर. साठ किलो दोनशे. मास्तर म्हणाले, अजून दहा मिनिटं पळ, होईल.

इथे मी हस्तक्षेप केला. माझ्या मते दोष काट्याचा होता. स्टेशनच्या मशीनपेक्षा हा दोन-तीन किलो जास्त दाखवतो, हे उघड होते. मी जागेवर दोन फुलस्केप हरकत-अर्ज लिहिला. काट्यावर वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. अर्ज चांगला उतरला होता, हे आताही म्हणेन. पंचांनी तो हातात घेतला आणि सांगितले की हरकतीचा निकाल लागेपर्यंत काटा बंद. कोणीही चढायचे नाही.

तीन पंच अर्ज वाचत बसले. मल्हारी पळून पळून काट्याजवळ येऊन उभा राहिला. घामाने निथळत होता. पंचांनी त्यालाच विचारले, काय रे, तुझं काय म्हणणं आहे?

तो म्हणाला, "काटा बरोबर हाय साहेब. रोज ह्याच्यावरच गोन्या टाकतो मी."

हरकत फेटाळली. शिक्काही होता, खालच्या बाजूला. मल्हारी दहा वाजून सात मिनिटांनी चढला. एकोणसाठ किलो नऊशे. पंच म्हणाले, वेळ संपली.

संध्याकाळी ७

सहादू खेळला. नऊ गुण आणले. चढाईला जातो तेव्हा दिसतो, परत येतो तेव्हा दिसत नाही. सहा गुणांनी जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतले. कंपनीच्या साहेबांनी दोन नावे लिहून घेतली, सहादू आणि वाल्मीक.

मल्हारी पाणी देत होता. तुळतुळीत डोक्यावर टॉवेल होता.

२१ नोव्हेंबर, सोमवार

शांतपणे विचार केला. एक, स्टेशनवरची मशीन सदोष. दोन, सात मिनिटांसाठी एवढे काटेकोर राहणारे पंच माणुसकीशून्य. तीन, थंडीत वजन आपोआप वाढते. चार, मास्तरांनी मला लेखी सूचना दिल्या नव्हत्या.

यशोदाला वाचून दाखवले. ती लाडवाचा डबा घासत होती. घासून झाल्यावर म्हणाली, "पाचवं राहिलं."

फळ्यावर कोणीही काही लिहिलेले नाही. लिहिले असते तर पुसता तरी आले असते.

२३ नोव्हेंबर, बुधवार

भागीबाई आल्या. मी आतल्या खोलीत जाणार होतो, पण त्यांनी पाहिले. मल्हारीने त्यांना सांगितले आहे की मार्केटमध्ये रोज भजी-जिलबी खाल्ली, आपलीच जीभ आवरली नाही. माझे नाव त्याने घेतले नाही. लाडवांचे नाही, अर्जाचे नाही.

भागीबाई माझी माफी मागत होत्या. "भाऊसाहेब, तुमी लेकरासाठी सह्या गोळा करत फिरला, मास्तरांशी भांडला. अन त्याला तोंड आवरता आलं नाय. मला लय लाज वाटती तुमच्यासमोर."

मी म्हणालो, असू द्या. पोरं आहेत.

त्या गेल्यावर यशोदा एक शब्द बोलली नाही. तिने बोलायला हवे होते. मला स्वतःचा राग आला आहे, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. उद्या सकाळीच जाऊन भागीबाईंना खरे काय ते सांगायचे. ठरले.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

जमले नाही. जिल्हा परिषदेचे टपाल आले होते.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी निघालो होतो. त्यांच्या दारात दोन बायका बसल्या होत्या. चारचौघांत असले विषय काढणे बरे नाही. रविवारी निवांत वेळ असतो.

२७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेसात

दूध आणायला गेलो होतो. कॉलनीच्या तोंडाशी ट्रक उभा होता, मल्हारी मागे चढत होता. चांदवडला कांदा भरायला चालला होता. मला बघून खाली उतरला. जय भीम घातला. डोक्यावर बारीक केस आले आहेत.

त्याने विचारले, आज दुसरी मॅच ना, टीम काय हाय? मी म्हणालो, मला माहीत नाही. हे खरे होते.

मग त्यानेच सातही नावे सांगितली. चढाईला सहादू. अडखळला नाही. म्हणाला, "चांगली टीम हाय भाऊसाहेब. सहादूला तोड नाय. फळ्यावर लिवा तुमी." म्हणाला, आईला तेवढं सांगू नका, ती तुम्हाला लय मानते.

ट्रक गेला. भागीबाईंचे घर तिथून वीस पावलांवर. दार उघडे होते, त्या अंगणात चुलीला फुंकर घालत होत्या. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग दूध घेऊन घरी आलो.