सरबत समजून

सौ. प्रिय सखीस,
तुझ्या म्हाताऱ्याची प्रेमाची आठवण.

शाळा सुटायच्या बेतात असली की माझ्या वर्गातली पोरं कविता कशी धाडधाड म्हणून टाकायची, तो गलका आज कानात घुमतोय. आपल्या नातीची नाडी तशीच पळते आहे.

तशी ती बरी आहे, काळजी नको. परीक्षा आहे, म्हणून जागते. झोप येऊ नये म्हणून ते डब्यातलं एनर्जी ड्रिंक पिते. मला ते फळांचं सरबतच वाटलं गं! रोज मीच गार करून, डबा उघडून तिच्या हातात देत होतो. काल एक स्वतः प्यालो, तर छातीत असं धडधडलं की भिंत धरून बसलो. तिला म्हटलं, तर हसली. "आजोबा, आमच्या वर्गात सगळेच पितात. तुम्ही आपल्या कविता वाचा."

आज पेपरला निघताना तिच्या हातात पेन ठरत नव्हतं. तरी मी जाऊ दिलं. आता काय करू, तूच सांग!

तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे सूनबाईला इतक्यात काही बोलू नकोस.

तुझाच.

ता. क. दार वाजलं. तिच्या कॉलेजातल्या बाई आल्या आहेत, हातात नातीच्या चपला. म्हणतात, "आजोबा, ती पेपर लिहिताना कोसळली. दवाखान्यात नेलंय. चला लवकर."