कॅलहन नाव आता नको

ट्रेंट,

कॅलहन नावात आपला फायदा एवढाच, की बालवाडीत हाक मारल्यावर चार पोरं एकदम वळून बघणार नव्हती. ब्रूक्स हे नाव तुझ्या बहिणीने, केल्सीने, आधीच पळवलं, म्हणून त्याच धाटणीचं, आडनावासारखं दुसरं नाव शोधत आपण इथवर आलो. बाळ येईपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं. तू तुझ्या आईला सांगितलंस.

आज बेबी शॉवरला तिने सगळ्या बायकांसमोर गोधडी उलगडली. त्यावर हे एवढं मोठं भरतकाम: कॅलहन. अर्डिथ आजी केक खात होती. तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "जॅनेल, तुझ्या बापाचं आडनाव तुला सांगितलं कुणी?"

तुझी आई हसली. "अगं आई, माझा बाप डेल. गेल्याच वर्षी पुरलं ना आपण त्याला?"

"डेलने तुला वाढवलं. कॅलहन तू पोटात असतानाच पळाला. मला वाटलं, तुला कळलं आणि तू त्याला माफही केलंस."

तुझी आई गाडीत बसून आहे. मी तिला घरी नेते आणि रात्री तिथेच राहते. बटाट्याचं कॅसरोल गरम करून खा. केल्सीला तू काही सांगू नकोस. दुसरी नावं शोध, पण आधी आजीला विचार.

वेगळं नाव हवं होतं आपल्याला. त्यापायी बाप गेला तुझ्या आईचा, दुसऱ्यांदा.

मॅकेना