रॅशरचा तपास आणि आईचा तवा

ती. ताईस, धाकट्या ताराचंदचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही मजेत. तुझे गुडघे कसे आहेत? उमरेडला आता थंडी पडली असेल, सकाळी उघड्या ओट्यावर बसत जाऊ नकोस. (फोनच केला असता, पण डुक्कर हा शब्द ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र.)

भूपेश डब्लिनहून फोनवर "दोन रॅशर खाल्ले" म्हणाला, शेजारच्या मिनलने ते डुकराचे असते असे सांगितले, आणि तू मला हुकूम सोडलास की रॅशर म्हणजे नेमके काय, रोज खातात की सणावारी, याचा तपास कर. तोवर लेकाला तुझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाहीस. तर तपास असा. डुकराचे मांस मिठात मुरवतात, कधी धुरी देतात, त्याला बेकन म्हणतात. त्याचा एक पातळ काप म्हणजे रॅशर. आपण पोळ्या मोजतो तसे तिकडे रॅशर मोजतात.

ऐकीव माहितीवर तुला कळवणे बरे नव्हे, म्हणून सदर बाजारातून रॅशरचे एक पाकीट आणले. आपल्या भोजनालयात मांस आले की हात आपोआप जवसाच्या तेलाकडे जातो. मसाला परतला, सवयीने मीठ घातले, वर तेलाची चांगली लाल तर्री आणली. (मीठ आधीच मुरलेले असते, हे माझ्याच तपासात होते.) नेहमीचे गिऱ्हाईक देवराव यांना वाटी दिली. ते शांतपणे म्हणाले, "ताराचंदभाऊ, भाजी मस्त आहे गा, आता विहीर कुठं आहे ते सांग."

मग तुझ्या भाचीने, काजलने, मोबाईलमध्ये पाहून सांगितले की तेल, मसाला, मीठ काहीच नको. थंड तव्यावर काप ठेवून मंद आच द्यायची, तो स्वतःच्याच चरबीत तळला जातो. इतक्या कमी कष्टात पदार्थ होतो हे माझ्या मनाला पटेना. पण झाला, अन् कुरकुरीत झाला. चव कुणी पाहिली ते विचारू नकोस.

भूपेशलाही विचारले. म्हणाला, "मामा, इथं ते आपल्या तर्री-पोह्यासारखं आहे. कामावर जाताना दोन खाल्ले, झालं. पण आईच्या हातचं खाऊन तीन वर्षं झाली, ते तिले सांगजा." ताई, मला वाईट वाटले. तू मटण सोडलेस ते आता. तो तर तुझ्याच हातचा रस्सा ओरपून मोठा झाला.

तुझ्या भावजयीचा, चंद्रकलेचा नमस्कार, काजलचा दंडवत.

तुझा,
ताराचंद

ता. क. आईचा बिडाचा तवा तुझ्याकडे पडून आहे, तो पाठव. आमच्या पातळ तव्याला काप चिकटतात. (म्हणजे पोळ्या चिकटतात.)

आणखी ता. क. पाठवू नकोस, घेऊनच ये. भूपेश रविवारी विमानतळावरून थेट माझ्याकडे येणार आहे. तुझ्या दारात यायची त्याला भीती वाटते. स्वयंपाकघर माझे आहे, तिथे दोघांनाही बंदी नाही. नाकाला पदर लाव, पण त्याला वाढायला तूच बस.