बरं आहे, ठेवतो

सोमवार, ४ नोव्हेंबर
सकाळी नऊला बसमधून उतरले. उतरतानाच उजव्या चपलेचा अंगठा तुटला. न्यायला आलेल्या शिपायाने खिशातून सेफ्टी पिन काढून दिली. म्हणाला, वहिनी, इथे कुणाचं काही अडत नाही. आमचे हे गेल्यावर त्यांच्याच जागेवर मला नोकरी मिळाली, राहायला त्यांच्याच दोन खोल्या. खिडकीत त्यांचा दाढीचा ब्रश तसाच आहे. भिंतीवर फोन आहे. मोबाइल या गावात चालत नाही. संध्याकाळी लेकीशी बोलले. ठमी मावशीकडे छान रुळली आहे. कॉलेजचं शेवटचं वर्ष तिने तिथेच काढायचं, असं आमचं ठरलं आहे.

बुधवार, ६
काम कळलं. गावाबाहेर जाणारा प्रत्येक फोन आमच्या यंत्रातून जातो. रडणं, कुरकुर यंत्र गाळून टाकतं. आमच्या कचेरीच्या मुख्य बाई म्हणाल्या, घरच्यांना उगाच घोर कशाला? नव्या माणसाने तीनशे वाक्यं मोठ्याने वाचायची, म्हणजे यंत्राला आवाज ओळखीचा होतो. मी मजेत आहे. तुझी खोली आवरून ठेवली आहे. कधी निघतेस? अशी वाक्यं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सगळे रेडिओ म्हणतात. त्या हसून म्हणाल्या, तुमचे हे सातव्या वाक्याला घसा बसला म्हणून उठले, ते परत बसलेच नाहीत! मी दोन दिवसांत सगळी वाचली. माझं बोलणं इतका वेळ कुणी ऐकून घेतलं, त्याला फार दिवस झाले होते.

रविवार, १०
यांच्या फोनचा वार. पहिली तीन वर्षं ठरलेलं: बरं आहे, ठेवतो. मला राग यायचा. शेवटचे आठ महिने मात्र अर्धा अर्धा तास बोलायचे, हसायचे, माझ्या गुडघ्याची चौकशी करायचे. मी म्हणालेही होते, उतारवयात गोड झालात हो. त्या आठ महिन्यांच्या आधारावरच मी उभी आहे.

गुरुवार, १४
आवाज दिलेल्यांची जुनी कार्डं लावताना यांचं कार्ड हाती आलं. वाक्यं: सात. उरलेला आवाज फोनवरून वेचला, तीन वर्षं. खाली: बोलणारा हयात नाही, १४ जानेवारी.
मला कळवलं ते २ सप्टेंबरला.
रेडिओबाईंना विचारलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, फोन बंद पडला की घरचे शोधत येतात ना. जागा भरायची झाली की मग कळवतात.
म्हणजे ते आठ महिने मी कुणाशी—
आणि ती तीन वर्षं ते उगाच तुटक बोलत नव्हते. आवाज राखून ठेवत होते. मी मात्र दोन दिवसांत सगळा देऊन बसले.

शुक्रवार, १५
ठमीचा फोन. म्हणाली, आई, सकाळी किती छान बोललीस, कॉलेज गेलं खड्ड्यात, रविवारी संध्याकाळी सहाच्या बसने पोचते.
सकाळी मी फोन केला नव्हता.
येऊ नकोस म्हणाले. ती हसली. हो गं बाई, स्वेटर घेते म्हणाली. ओरडून सांगितलं, येऊ नकोस. तर म्हणाली, इतकी आठवण येते होय? रडले. तिला माझं हसू ऐकू गेलं असावं, कारण तीही हसत सुटली.
पत्र पोचायला आठवडा लागतो. रविवारच्या आधी इथून बसही सुटत नाही.

शनिवार, १६
माझं कार्ड पाहिलं. वाक्यं: पूर्ण. हयात नाही: १७ नोव्हेंबर.
उद्या.
त्याच्या मागे नवं कोरं कार्ड. ठमीचं नाव. वाक्यं: बाकी.
रेडिओबाईंनी मान वर केली नाही.

रविवार, १७
दुपार. दाराला आतून कडी. बसथांब्यावर पोचायचं, तिला खाली उतरूच द्यायचं नाही. फोन नाही तिथे. मध्ये यंत्र नाही. तोंडावर सांगेन.

पाच. जिन्यात पावलं. वर आली, थांबली. वहिनी, म्हणून हाक. शिपाई. ओ दिली नाही.

फोन वाजतोय. उचलणार नाही.
थांबला.
फोनच्या आतून माझा आवाज. कुठवर आलीस गं? खोली आवरून ठेवली—

पावलं खाली गेली की आणखी कुणी वर—
मागचा जिना आहे. आता निघते. चपलेची पिन निसटली आहे. लावते, की लगे